‘व’ गिळणारी पेटी

पुण्यातील ज्या लहानशा प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम करतो, तिथे लाऊडस्पीकरची परीक्षा घेतली जाते. स्पीकरला ठरलेली विद्युतशक्ती द्यायची, समोर ठरलेल्या अंतरावर मायक्रोफोन ठेवायचा आणि खर्जापासून तारस्वरापर्यंत कोणत्या स्वराला तो कसा न्याय देतो हे मोजायचे. हे कसे करायचे याची मानके जगभर मान्य आहेत, आणि मला त्यांच्याविषयी खरोखर प्रेम आहे. इथे मोजलेला स्पीकर साता समुद्रांपलीकडे मोजला तरी आकडा तोच यावा, एवढीच त्यांची इच्छा असते. माणसांकडूनही मी काहीशी हीच अपेक्षा करत आलो असेन, अशी शंका मला निपाणीच्या प्रवासात प्रथम आली. ती मनात ठेवूनच हे लिहितो आहे.

जाण्याचे निमित्त असे झाले. निपाणीजवळच्या एका गावात नवे समुदाय भवन बांधले गेले. त्यात बसवलेले स्पीकर गावच्याच एका मुलाने, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या आदगोंडा पाटलांनी, आपल्या बेळगावच्या कारखान्यात तयार केले होते. त्या भागात स्पीकरला सरसकट ‘पेटी’ म्हणतात. भवनात पहिले प्रवचन झाले आणि मागे बसलेल्या बायकांनी तक्रार केली की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. समितीचे अध्यक्ष बाबगोंडा आप्पा हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला फोन केला आणि अतिशय शुद्ध मराठीत परिस्थिती मांडली. पेट्या सदोष ठरल्या तर त्या उतरवून शहरातल्या मोठ्या कंपनीचा संच बसवायचा, असा ठराव झाला होता. निर्णय माझ्या चाचणीवर सोपवला होता.

अनगोळ

ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच घरी उतरणे मला प्रशस्त वाटत नव्हते, पण आदगोंडांनी माझे काही चालू दिले नाही. बेळगावच्या स्टँडवर ते स्वतः न्यायला आले आणि माझ्या हातातली उपकरणांची पेटी काढून घेत म्हणाले, “साहेब, परीक्षा पेटीची हाय न्हवं? मग तुमी आमचं पाव्हणं. आन् मला आदाण्णा म्हना, सगळं तसंच म्हनत्यात.”

बेळगावच्या अनगोळ भागातला त्यांचा कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. लाकडाच्या भुशाचा आणि ताज्या सरसाचा वास तिथे इतका दाट होता की पुढ्यात आलेल्या दुधाच्या कुंद्याचा पहिला घासही मला थोडा सागवानी लागला. बेळगावचा कुंदा मी पुण्यात अनेकदा खाल्ला आहे. तो प्रवासाने थकलेला असतो हे मला त्या दिवशी कळले.

पुण्याच्या मंडपात माइकची परीक्षा इंग्रजी आकड्यांनी होते. इथे आदाण्णांनी माइकवर टिचकी मारली आणि कन्नडमध्ये “वंदू, येरडू, मूरू” असे सुरू केले. लगेच फोन आला, त्यावर ते मराठीत भांडले. मध्येच कोणी दारात डोकावले, त्याला पुन्हा कन्नडमध्ये उत्तर दिले. एका भाषेतून दुसरीत जाताना त्यांना उंबरठासुद्धा लागत नव्हता.

चहा झाल्यावर ते म्हणाले, “एक सांगू काय साहेब? दुसऱ्या कुठल्या मोठ्या हॉलचं काम गेलं तर जाऊ दे. पण ही पेटी गावातली हाय. आई रोज त्या भवनात जाऊन बसत्या. पेटी उतरवली तर ती तितं कशी बसंल?”

मी “पाहू या” असे म्हणालो. असे प्रसंग आले की मी नेहमी एवढेच म्हणतो.

बेळगुंदी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भवनातल्यासारखीच एक पेटी घेऊन जवळच्या बेळगुंदी गावी गेलो. माझ्या प्रयोगशाळेत भिंतींना आवाज शोषून घेणारे जाड अस्तर आहे, म्हणजे फक्त स्पीकरचाच आवाज मोजला जातो, भिंतीवरून परतलेला नाही. असे अस्तर जिथे नसते तिथे उघडे आभाळ चालते; मानकांनाही ते मान्य आहे. भातकापणी झालेले मोकळे शेत आदाण्णांचे मित्र परशुराम यांनी देऊ केले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळ्या रचून आम्ही पेटी उंच चढवली.

“आता एक वॉट देऊन एक मीटरवर मोजायचे,” मी समजावून सांगितले.

“वाट एकच हाय साहेब,” परशुराम गंभीरपणे म्हणाले. “आलासा तीच. दुसरी न्हाय.”

चाचणीसाठी आम्ही सर्व स्वर एकत्र मिसळलेला एक सलग खरखराट वाजवतो. तो सुरू होताच बांधावरच्या म्हशीने मान वर केली आणि परशुराम ओरडले, “आदाण्णा, कुकर उतरीव की रं! शिट्टी हुईना झाली त्याची!”

दोनदा मोजणी थांबवावी लागली, कारण रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवर आदाण्णांनीच बनवलेल्या पेट्या पूर्ण आवाजात गाणे म्हणत चालल्या होत्या. ते थोडे लाजले आणि थोडी त्यांची छातीही फुगली. अखेर मोजणी पुरी झाली. आकडे चांगले होते. खर्जाकडे एक लहानसा उंचवटा सोडला तर रेषा बरीच सरळ होती. मी तसे सांगितल्यावर त्यांनी पेटीवरची माती रुमालाने पुसली.

परशुरामांनी रताळी भाजून आणली होती. पिवळसर, राखेचा वास असलेली, बोटांना चटका देणारी ती रताळी मी संकोच सोडून खाल्ली. आदाण्णांनी हात लावला नाही. “जमिनीखालचं आमी जैन खात न्हाय,” ते सहज म्हणाले आणि माझ्यासाठी आणखी एक सोलून दिले. स्वतः वर्ज्य मानलेली वस्तू दुसऱ्याला इतक्या मनापासून वाढणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. आमच्याकडे वर्ज्य म्हटले की उपदेशही सोबत येतो.

निपाणीच्या वाटेवर

दुपारी महामार्गाला लागलो. उसाने लादलेले ट्रॅक्टर, कन्नड आणि मराठी पाट्यांची सरमिसळ, मध्येच काळ्या रानात तंबाखूची रुंद हिरवी पाने. आदाण्णा वाटेतले प्रत्येक मंगल कार्यालय दाखवून कुठे कोणाची पेटी आहे आणि तिचा आवाज कसा फाटतो हे सांगत होते. निपाणी जवळ आली तसे त्यांचे बोलणे कमी होत गेले. गावाच्या वेशीवर तर त्यांनी गाडीतला रेडिओही बंद केला.

घरी त्यांच्या आईने, पद्माक्कांनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. सत्तरी पार केलेल्या, बारीक, ताठ कण्याच्या आणि अतिशय फटकळ बाई. “परवापास्नं वाट बघालोय तुमची,” त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडी पुरुषी रूप ऐकून मी क्षणभर दचकलो. या बाजूच्या बायका स्वतःविषयी ‘आलो, गेलो, म्हणालो’ असेच बोलतात, हे मी पूर्वी ऐकून होतो. समोर ऐकल्यावर ते मला फार डौलदार वाटले.

भवनात

स्पीकर स्वर बरोबर काढतो की नाही हे यंत्र सांगते. शब्द कळतो की नाही हे मात्र माणसालाच विचारावे लागते, आणि त्याचीही पद्धत ठरलेली आहे. एकमेकांशी जवळीक असलेले लहान लहान शब्द स्पीकरमधून ऐकवायचे. ऐकणाऱ्याने जे ऐकले ते म्हणून दाखवायचे. किती शब्द बरोबर आले ते मोजायचे. ‘वेळ’ ऐकून कोणी ‘केळ’ म्हणाले, तर पहिले व्यंजन वाटेत हरवले असे समजायचे. शब्द आमच्या एका सहकारी बाईंच्या आवाजात पुण्यातच ध्वनिमुद्रित केलेले होते.

मागच्या रांगेतल्या पाच जणी निवडल्या. त्यांत पद्माक्का होत्या. मुलाच्या पेटीचा निकाल आईने द्यावा हे मला खटकले, पण आप्पा म्हणाले, “पद्माक्का लेकालाही सोडायची नाही. तिलाच घ्या.”

मी पुढे यंत्राच्या टेबलाशी बसलो. एकेका बाईने मागच्या खुर्चीत बसायचे आणि ऐकलेला शब्द मोठ्याने सांगायचा. सुरुवात छान झाली. पण थोड्याच वेळात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ‘वेळ’ वाजले की ‘येळ’ असे उत्तर येई. ‘वीट’ची ‘ईट’ होई, ‘विळा’चा ‘इळा’. ‘घर’, ‘माळ’, ‘ताक’ सुरक्षित पोहोचत होते. ‘इ’ आणि ‘ए’च्या आधीचा ‘व’ मात्र प्रत्येक वेळी नाहीसा होत होता. पाचही जणींचे एकमत. पद्माक्कांचा आवाज सर्वांत खणखणीत होता आणि त्यांची चूकही सर्वांत ठाम होती.

मला एखादा गुन्हेगार सापडावा तसा आनंद झाला, हे लिहिताना मला लाज वाटते. ‘व’ हे मऊ व्यंजन. पेटीच्या आतल्या पोकळीत खर्जाचा उंचवटा असेल तर ते त्यात बुडू शकते. बेळगुंदीच्या रेषेवर तसा उंचवटा मी स्वतः पाहिला होता. सगळे कसे चोख जुळत होते.

“आदाण्णा,” मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “तुमची पेटी ‘व’ गिळते.”

माझा आवाज मुळात हळू आहे. पण रिकाम्या सभागृहात हळू आवाजही दूर जातो. मागे पद्माक्का खुर्चीतून उठल्या.

“काय झालं? मी चुकलो काय?”

“न्हाय आई. तू बस.”

“मी बरोबरच बोललो की! जे ऐकलो ते बोललो!”

“व्हय गं. म्हनूनच,” आदाण्णा म्हणाले, आणि शिडी आणायला गेले.

पद्माक्का माझ्याकडे आल्या. त्यांच्या फटकळपणाचा मागमूस नव्हता. “साहेब, मी गप बसलो असतो तर पेटी ऱ्हायली असती काय वो?” त्यांनी विचारले. मी चाचणीच्या निष्पक्षपणाविषयी काहीतरी बोललो. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पदर सावरत घरी गेल्या.

आदाण्णांनी एक पेटी खाली उतरवली आणि घरच्या अंगणात नेऊन उघडली. आतले अस्तर ते बोटांनी चाचपत होते. मी जवळ उभा राहिलो, पण मला मदत करता येईना आणि निघूनही जाता येईना.

येळ

त्या घरी सूर्य मावळण्याआधी जेवतात. आमच्या घरी रात्रीचे जेवण कोणाच्या कामावर, कोणाच्या मालिकेवर अवलंबून असते. इथे ते सूर्यावर अवलंबून आहे, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. अंगणात ऊन विटांच्या रंगाचे झाले होते. आदाण्णा पेटीत डोके घालून बसले होते. पद्माक्का दारात आल्या. दुपारचे सारे विसरून, किंवा न विसरता, त्या म्हणाल्या:

“आदू, ऊठ रं. साहेबास्नी घेऊन ये. जेवायची येळ झाली.”

मी उभा होतो तिथेच राहिलो.

मध्ये पेटी नव्हती. तार नव्हती, खर्ज नव्हता, पोकळी नव्हती. पाच पावलांवर एक बाई उभी होती आणि त्या बाईच्या तोंडात ‘येळ’ होती. ही बोली मला नवी नव्हती. या भागातली माणसे अशी बोलतात हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. मित्रांच्या मैफलीत तशी नक्कलही केली होती. पण हातात पेन घेऊन टेबलाशी बसल्यावर मला माणसे ऐकू आली नाहीत, फक्त उत्तरे ऐकू आली. बायकांनी ‘वेळ’ नीट ऐकली होती, ओळखली होती आणि आपल्या घरात तिला जे म्हणतात ते म्हणाल्या होत्या. आदल्या दिवशी आदाण्णांच्या ‘वंदू, येरडू’ला मी मनातल्या मनात दाद दिली होती, लिहिताना असलेल्या ‘एरडू’चे बोलताना ‘येरडू’ करणारी जीभ तिथेही हेच करत होती, हे तेव्हाही मला सुचले नव्हते.

आणि दोष मानकाचाही नव्हता. ऐकणाऱ्यांची बोली आधी जाणून घ्या, स्पीकरशिवाय तेच शब्द म्हणवून घ्या, मग चाचणी घ्या, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. एका दिवसात उरकावे म्हणून ती पायरी मी गाळली होती.

पानात ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी आणि लसणाशिवायही झणझणीत अशी कारळ्याची चटणी होती. मी घास हातात धरून म्हणालो, “पद्माक्का, एक शब्द म्हणता? वीट.”

“ईट.”

“विळा.”

“इळा. जेवा की वो आधी! आमटी गार हुयालीय.”

आदाण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

“मी घाईने बोललो,” मी म्हणालो. “माझी चूक झाली. तुम्हा दोघांना त्रास झाला.”

“असू दे वो साहेब. पेटी उघडलो ते बरंच झालं. आत माझा पाना घावला. दिवाळीपास्नं हुडकालोय!”

पद्माक्का मात्र हसल्या नाहीत. “म्हंजे मी चुकलो न्हवतो,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात न विचारता दुसरी भाकरी वाढली.

दुसरी सकाळ

सकाळी पुन्हा भवनात गेलो. आधी पाचही जणींसमोर उभा राहून मी माझ्याच तोंडाने शब्द म्हटले. उत्तरे आदल्या दिवशीसारखीच आली. मग जी गोष्ट आदल्या दिवशी पहिल्यांदा करायला हवी होती ती केली: टेबल सोडून मागच्या रांगेत जाऊन बसलो. आदाण्णांनी शब्द वाजवले. ‘वेळ’ मला पूर्ण, ‘व’सकट, ऐकू आली. पण भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या चार-पाच खुर्च्यांवर बसलो तेव्हा शब्दाला शब्द चिकटू लागले. बायकांची तक्रार खरी होती. ती पेटीच्या पोटाविषयी नव्हती. पेटी फार उंचावर होती आणि तिचे तोंड समोरच्या उघड्या भिंतीकडे होते, म्हणून आवाज तिथून परतून शब्दांवर आदळत होता.

आप्पांना मी सारे सांगितले. ते नाराज झाले. “साहेब, उच्चार चुकला तर तो चूकच धरला पाहिजे. जन्मभर मी मुलांना शुद्ध बोलायला शिकवलं. आता चुकीच्या उत्तराला गुण द्यायचे?”

“गुण बायकांना द्यायचे नाहीत आप्पा,” मी म्हणालो. “त्यांची परीक्षाच नव्हती.”

त्यांना ते पटले नाही. समितीचे चार लोक जमले होते, त्यांच्यासमोर आपले म्हणणे नीट मांडावे म्हणून ते माइकपाशी गेले. घसा खाकरला. आणि आदाण्णांच्या पेट्यांतून साऱ्या सभागृहात त्यांचा आवाज घुमला:

“मंडळी, माझा इचार असा हाय की–”

मागच्या रांगेतून पद्माक्का म्हणाल्या, “आप्पा, ‘व’ कुठं पडला वो? का पेटीनं गिळला?”

पहिल्यांदा बायका हसल्या, मग समिती हसली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि शेवटी तेही हसले. “माइक हातात आला की मानूस घरचंच बोलतंय बघा,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. हे त्यांनी शुद्ध मराठीत म्हटले असते तर मला इतके आवडले नसते. “बरं. कोपऱ्याचं तेवढं बघा. कोपरा सुधारला तर पेटी ऱ्हाऊ दे.”

म्हणजे सारे अजून त्या कोपऱ्यावर अडले होते.

आदाण्णा शिडीवर चढले. पाना काढलेली पेटी सकाळीच पुन्हा बंद करून जागेवर बसवली होती. दोन्ही पेट्या त्यांनी हातभर खाली घेतल्या आणि त्यांची तोंडे झुकवून बसणाऱ्यांकडे वळवली. मी खालून “थोडे डावीकडे, आणखी थोडे” एवढेच सांगत होतो. मग पद्माक्का स्वतःहून उठल्या आणि कोपऱ्यातल्या सर्वांत वाईट खुर्चीवर, भिंतीला खेटून, जाऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले. आदल्या दिवशीचा तो ठाम आवाज त्या आज काढणार होत्या की गप्प राहणार होत्या, मला कळेना. आदाण्णांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि माझ्याकडे.

“पुण्याचे शब्द नकोत,” मी म्हणालो. “तुम्हीच काहीतरी बोला. नेहमीच्या आवाजात. त्यांना आधी माहीत नसेल असे.”

ते माइकसमोर गेले. साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा पेट्या बनवणाऱ्या त्या माणसाला स्वतः काय बोलावे ते सुचेना. मग ते पुटपुटले, इतके हळू की पुढच्या रांगेत बसलेल्या मला त्यांचे ओठ हललेले दिसले आणि शब्द आला तो वरच्या पेटीतूनच:

“आई, कारखान्याची किल्ली कुठं ठेवलीस गं?”

“मला काय इचारतोस?” कोपऱ्यातून ताबडतोब उत्तर आले. “काल हितंच खिशात घातलास की रं! बघ तितं!”

आदाण्णांनी खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती.